‘अप’ पाहताना बाबा आधी रडले, मुलगी नंतर. असं का?

प्रश्न असा आला आहे: सात वर्षांच्या मुलीबरोबर ‘अप’ हा ॲनिमेशनपट पाहिला. पहिल्या दहा-बारा मिनिटांतच वडिलांच्या डोळ्यांना धार लागली. मुलगी मात्र शांतपणे पाहत होती. पुढे म्हातारे कार्ल त्या मोठ्या पक्ष्याला तसंच टाकून पेटलेल्या घराकडे धावतात, तिथे मुलगी हमसून हमसून रडली. त्यात एवढं रडण्यासारखं काय होतं, हे वडिलांना कळेना. दोघांनी एकच चित्रपट पाहिला की दोन वेगळे? असे चित्रपट करणारी माणसं हे ठरवून करतात का? लहान मुलांना मरणाचं दृश्य दाखवणं बरं का? आणि दुसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, “आजोबांनी आजीला धबधब्याला नेतो म्हणून सांगितलं आणि नेलंच नाही. मग ते खोटं बोलले का?” यावर काय सांगायचं?

मी गेली २२ वर्षं ॲनिमेशनपटांचे स्टोरीबोर्ड करते. म्हणजे चित्रपट तयार होण्याआधी तो कच्च्या चित्रांतून सांगून बघते. तुमच्यासारखे प्रश्न मला पुष्कळदा विचारले गेले आहेत, पण तुमच्या मुलीने जे विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तरही मला तिच्याच प्रश्नात दिसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी रडलात. एका वचनासाठी.

आठवून बघा. चित्रपटाच्या सुरुवातीला एली ही बडबडी, दात पडलेली मुलगी रात्री खिडकीतून कार्लच्या खोलीत शिरते. त्याला आपली साहसाची वही दाखवते, धबधब्याचं चित्र दाखवते, आणि तू मला तिथे नेशील अशी शपथ घ्यायला लावते. छातीवर बोटाने फुली मारून. कार्ल एक शब्द न बोलता फुली मारतो. त्यानंतर त्यांचं सगळं आयुष्य चार-साडेचार मिनिटांत आपल्यासमोरून जातं आणि ते वचन राहून जातं. तुम्ही रडलात ते इथे.

आता पुढचं. जंगलात आठ वर्षांचा रसेल म्हाताऱ्या कार्लकडे हट्ट धरतो की या पक्ष्याला आपण एकटं सोडायचं नाही. कार्ल नुसतं ‘हो’ म्हणतात. रसेल म्हणतो, छातीवर फुली मारा. त्या क्षणी कार्ल थबकतात, कारण हेच त्यांच्याकडून पूर्वी कुणीतरी मागितलं होतं. ते शपथ घेतात. आणि मग घराला आग लागते, पक्षी जाळ्यात अडकतो, दोघांपैकी एकालाच वाचवता येणार असतं, आणि कार्ल घर निवडतात. तुमची मुलगी रडली ते इथे.

दोन शपथा, दोन्ही सारख्याच, दोन्ही मोडलेल्या. पहिली कुणी मोडली? कुणीच नाही. गाडीचं टायर फुटलं, पाय मोडला, झाड छपरावर पडलं, आणि दर वेळी पैसे साठवलेली बरणी फोडावी लागली. कुणाचाही दोष नसताना एखादी गोष्ट आयुष्यभर राहून जाऊ शकते, हे कळायला स्वतःच्या चार-दोन बरण्या फुटलेल्या असाव्या लागतात. सात वर्षांच्या मुलीने ते पाहिलं, तिला समजलंही, पण ते तिच्या आतून आलं नाही. दुसरी शपथ मात्र समोर, उजेडात, माणसाने स्वतः मोडली. ज्याने ‘सोडणार नाही’ म्हटलं त्याने सोडलं. लहान मुलाच्या जगात याहून भयंकर काही नसतं. ज्यांच्या भरवशावर जगायचं त्या मोठ्या माणसांनी दिलेला शब्द ही त्याच्या पायाखालची जमीन असते. तुम्हाला ते दृश्य कथेतलं एक वळण वाटलं, कारण कार्ल परत येतील हे तुम्हाला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी तिने खोटं बोलण्याबद्दल विचारलं, हे मला विलक्षण वाटतं. तिने दोन्ही शपथांचा धागा आपणहून जोडला. जो दुवा पकडण्यासाठी चित्रपट रचला आहे तो तिने पकडला आणि तुमच्या हातात आणून दिला.

हे ठरवून करतात का? हो. पण लोकांची समजूत असते त्या पद्धतीने नाही. सर्वसाधारण समजूत अशी की चांगल्या कौटुंबिक ॲनिमेशनपटात दोन थर असतात: खाली मुलांसाठी पडणं-धडपडणं, वर मोठ्यांसाठी मुलांच्या डोक्यावरून जाणारे विनोद. असे चित्रपट निघतात आणि चालतातही. मला स्वतःला ते आवडत नाहीत, आणि त्याचं कारण धंद्यातलं आहे. दोन थरांचा चित्रपट दोघांना पाळीपाळीने हसवतो. एक हसत असतो तेव्हा दुसरा वाट बघत असतो. मोठ्यांच्या विनोदाला मूल आईबाबांकडे वळून विचारतं, “काय झालं?” आणि आईबाबा म्हणतात, “काही नाही.” त्या ‘काही नाही’मध्ये मुलाला दाराबाहेर उभं केलेलं असतं. असा चित्रपट दोघांना मिळून हलवू शकत नाही.

‘अप’ किंवा ‘इनसाइड आउट’सारख्या चित्रपटांत घटना एकच असते आणि ती कुणापासूनही लपवलेली नसते. मुलाला ती पूर्ण दिसते, मोठ्यालाही पूर्ण दिसते. फरक पडतो तो बघणाऱ्याने सोबत काय आणलं आहे यामुळे. ‘इनसाइड आउट’ (२०१५) घ्या. रायली या ११ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात तिचा लहानपणीचा काल्पनिक मित्र बिंग बाँग अजून रेंगाळतो आहे. विसरलेल्या आठवणींच्या दरीतून वर यायचं तर गाडीवरचं ओझं कमी व्हायला हवं. दोनदा प्रयत्न फसतो, तिसऱ्या वेळी तो गुपचूप उडी मारतो, खालून हात हलवतो आणि विरून जातो. पाच वर्षांच्या मुलाने इथे एक मित्र गमावला, आणि तो खरंच गमावला. शेजारी बसलेल्या आईने मात्र स्वतःचं लहानपण गमावलं, शिवाय पुढच्या काही वर्षांत शेजारच्या खुर्चीतलं हे मूलही असंच विरणार हे तिला एका झटक्यात कळलं. पडद्यावर चित्र एकच आहे.

याच चित्रपटाच्या घडणीतली एक हकिगत आमच्या कामाबद्दल बरंच सांगते. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांची खळखळून हसणारी मुलगी अकराव्या वर्षाच्या सुमारास अबोल झाली, तिथून हा विषय त्यांना सुचला. डोक्यातल्या सगळ्या भावनांची पुढारी ‘आनंद’ हरवते आणि परत येण्यासाठी प्रवास करते, हा सांगाडा लवकर ठरला. पण तिच्याबरोबर प्रवासाला कोण? बराच काळ उत्तर होतं ‘भीती’. विनोदाला ते सोयीचं होतं. काम बरंच पुढे गेल्यावर डॉक्टर यांना जाणवलं की या प्रवासातून ‘आनंद’ला शिकण्यासारखं काहीच मिळत नाही. मग त्यांनी ‘भीती’च्या जागी ‘दुःख’ला आणलं. एवढा एक बदल, पण त्यासाठी केलेलं काम मोडून नव्याने उभारावं लागतं. बिंग बाँगची गाडी दरीत ढकलली जाते तेव्हा ‘आनंद’ त्याला गुदगुल्या करून, खेळ सुचवून हसवू बघते आणि हरते. ‘दुःख’ नुसती त्याच्या शेजारी बसते, तुझं जवळचं काहीतरी गेलं असं म्हणते, आणि ऐकते. तो रडतो आणि मग उठून चालायला लागतो. सगळा चित्रपट त्या शेजारी बसण्यात आहे, आणि ‘भीती’ला घेऊन तो तिथे कधीच पोचला नसता.

असंच ‘फाइंडिंग नेमो’चं (२००३). बायको आणि अंडी गमावलेला बाप मासा, उरलेल्या एका पिलाला जिवापाड जपणारा. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी आधी ती दुर्घटना तुकड्यातुकड्यांनी, मधूनमधून आठवणींच्या रूपात उलगडायचं ठरवलं होतं. पण तोपर्यंत हा बाप बघणाऱ्याला नुसता कटकट्या वाटत राही. दुर्घटना उचलून सुरुवातीलाच ठेवली तेव्हा त्याचं प्रत्येक ‘नको’, ‘जाऊ नकोस’, ‘थांब’ वेगळं ऐकू येऊ लागलं. मुलाला नेमोसारखं सुटायचं आहे, बापाला पकडून ठेवायचं आहे, आणि दोघांचंही खरं आहे. मुलं या चित्रपटात बापाची बाजू घेताना मी पाहिली आहेत. आणि बाप मुलाची.

आम्ही याला आपसात ‘पेरणी’ म्हणतो. एखादी वस्तू, एखादी खूण, एखादं वाक्य आधी हलक्या हाताने पेरून ठेवायचं, हसतखेळत, लक्षात येईल न येईल असं. मग ते पुन्हा आणायचं, अर्थ बदलून. ‘कोको’ (२०१७) या मेक्सिकोतल्या गोष्टीत एक गाणं आहे, ‘मला आठवणीत ठेव’ अशा अर्थाचं. पहिल्यांदा ते रंगमंचावर दिव्यांच्या झगमगाटात येतं आणि त्यात एक प्रसिद्ध गायक मिरवून घेतो. पुढे कळतं की ते मुळात एका बापाने लांबच्या प्रवासाला निघताना लेकीसाठी रचलेलं अंगाईगीत आहे. शेवटी तेच गाणं पणतू आपल्या पणजीसमोर हळू आवाजात म्हणतो, आणि विस्मरणात बुडालेल्या म्हातारीची बोटं हलायला लागतात. बारा वर्षांच्या मुलाला तिथे कळतं की गोष्ट जिंकली. ज्याने घरात कुणाला आपलंच नाव विसरताना पाहिलं आहे, त्याला तिथे बसवत नाही.

पेरणी करणं सोपं, ती दडवणं अवघड. ‘अप’मध्ये एली कार्लला सोड्याच्या बाटलीच्या बुचाचा बिल्ला लावते. मुलांना तो खेळातला बिल्ला वाटतो, आणि आहेच तो तसा. तो बिल्ला मग म्हाताऱ्या कार्लच्या कोटावर सगळा चित्रपटभर दिसत राहतो आणि कुणीही त्याबद्दल बोलत नाही. शेवटी रसेलला बक्षीस द्यायला बाप येत नाही, तेव्हा कार्ल पुढे होऊन तो बिल्ला त्याला लावतात. त्याआधी कुणी त्याची आठवण करून दिली असती तर या जागेचं पाणी झालं असतं.

आता त्या चार-साडेचार मिनिटांबद्दल, कारण तुम्ही तिथे रडलात आणि मी ती चौकट-चौकट थांबवून कितीतरी वेळा पाहिली आहेत. त्यात संवाद नाही. मायकल जियाक्किनो यांची एकच चाल आहे, सुरुवातीला नाचरी, आणि शेवटी तीच पियानोवर एकेका सुराने चालणारी. या संगीताला ऑस्कर मिळालं. माणसांची घडणही मुद्दाम केलेली आहे: कार्ल चौकोनी, चेहरा, चष्मा, खुर्ची सगळं चौकोनी, एली गोलाकार. घरात दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत, एक ठोकळ्यासारखी, एक गोल पाठीची. एली गेल्यावर ती गोल खुर्ची रिकामी दिसते, आणि हे सांगायला एकही शब्द लागत नाही.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते दवाखान्यातलं दृश्य. आधी दोघं बाळाची खोली रंगवतात. पुढच्या चौकटीत आपण बाहेर, अंधाऱ्या बोळात आहोत. उघड्या दारातून दिसतं की एली ओंजळीत चेहरा धरून बसली आहे, कार्लचा हात तिच्या पाठीवर आहे, डॉक्टर काही समजावत आहेत. कॅमेरा आत जात नाही. मी जर बोर्ड केलं असतं तर तरुणपणी नक्की आत गेले असते, एलीच्या डोळ्यांजवळ, गालावरच्या थेंबाजवळ. आणि ते चुकलं असतं. दाराबाहेर थांबल्यामुळे दोन गोष्टी साधतात. मूल बघतं की आत काहीतरी वाईट सांगितलं आणि आजी रडते आहे. त्याच्यासाठी ते पुरेसं असतं आणि तो फसवला जात नाही. मोठा बघणारा मात्र त्या दारातून स्वतः आत जातो. ज्याच्या वाट्याला असली खोली आली आहे त्याला कॅमेऱ्याने हाताला धरून नेण्याची गरज नसते.

टेकडीही तशीच. तरुणपणी दोघं सहलीला जातात तेव्हा एली पुढे पळत टेकडी चढते, कार्ल मागे धापा टाकत. म्हातारपणी कार्लच्या सहलीच्या टोपलीत प्रवासाची तिकिटं आहेत, ते पुढे आहेत, मागे वळून बघतात तर एलीला चढवत नाही. तीच टेकडी, तोच कोन. बिछान्यावरच्या एलीकडे कार्ल फुगा सोडतात, कारण लहानपणी तिने त्यांच्या खोलीत असाच फुगा पाठवला होता. एवढ्या कमी वेळात एकही नवी वस्तू आणायला सवड नाही, म्हणून सगळं परत येतं. आपल्या आठवणीही अशाच चालतात, त्याच चार जागा, त्याच चार वस्तू. मला वाटतं, म्हणूनच तो तुकडा आपल्याला पाहिल्यासारखा वाटत नाही, आठवल्यासारखा वाटतो.

रेघांनी काढलेल्या माणसांसाठी आपण रडतोच कसे, हेही कधीतरी लोक विचारतात. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारिॲन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म लोकांना दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक लहान वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट, एवढंच होतं. आकृत्या इकडेतिकडे सरकतात. काय दिसलं ते सांगा म्हटल्यावर ३४ जणांपैकी फक्त एकाने भूमितीच्या भाषेत उत्तर दिलं. बाकीच्यांनी भांडणं, छळ, सुटका, प्रेम असल्या गोष्टी सांगितल्या. हालचालीत हेतू दिसला की आपण तिथे जीव ओततो, चेहरा असो नसो. ॲनिमेशन या सवयीवर उभं आहे, आणि चेहरा जितका साधा तितकी बघणाऱ्याला आत शिरायला जागा जास्त.

हे पडद्यावर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं २१ डिसेंबर १९३७ च्या रात्री, लॉस एंजेलिसमध्ये ‘स्नो व्हाइट’च्या पहिल्या खेळाला. तासाभराहून अधिक वेळ लोक व्यंगचित्रं बघत बसतील यावर तेव्हा पुष्कळांचा विश्वास नव्हता. हसतील एवढं मान्य होतं. पण निश्चल स्नो व्हाइटभोवती बुटके उभे राहिले तेव्हा नाट्यगृहातली मोठमोठी माणसं रडली. ते दृश्य फ्रँक थॉमस यांनी केलं. ते तुम्ही पुन्हा पाहा: बुटके जवळजवळ हलतच नाहीत. एखादा डोळा पुसतो, एखादा मान वळवतो. ज्या माध्यमाचा श्वासच हालचाल आहे, त्यात न हलण्याची हिंमत त्यांनी केली.

न हलणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कठीण काम आहे. सेकंदाला २४ चौकटी असतात, हाताने काढताना बहुधा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. हाताने काढलेलं चित्र सेकंदभर जसंच्या तसं ठेवलं तरी चालून जातं. संगणकावरचा चेहरा मात्र पूर्ण थांबवला की प्रेतासारखा दिसतो. मग ॲनिमेटर त्याला जेमतेम जिवंत ठेवतो: खांदा श्वासाएवढा उचलला जातो, बुबुळं किंचित सरकतात, पापणी लवते. पापणी केव्हा लववायची हाही विचार असतो, कारण माणूस एका विचारातून दुसऱ्यात जाताना पापणी मिटतो. तेवढ्याने आपल्याला वाटतं की हा आत काहीतरी बोलतो आहे. एवढ्या कष्टाने केलेलं काम बघणाऱ्याला ‘काहीच केलं नाही’ असं दिसायला हवं.

माझ्या एका चुकीतून मी हे शिकले. एका चित्रपटात एका लहान मुलीचा मोठा भाऊ घर सोडून दूर शिकायला जातो. निरोपाचं दृश्य माझ्याकडे होतं. मी भरपूर चित्रं काढली: मिठी, डोळ्यांत पाणी, गाडीमागे धावणारी मुलगी, मागे उरलेली धूळ. कच्च्या आवाजावर आणि तात्पुरत्या संगीतावर ती चित्रं लावून आम्ही काही मुलांना आणि त्यांच्या पालकांना दाखवली. अशा वेळी मी बाजूला बसून पडद्याकडे न बघता मुलांच्या पायांकडे बघते. खुर्चीवर बसलेल्या मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे ते झुलत असतात. मन गुंतलं की पाय थांबतात. त्या दिवशी माझ्या दृश्यात सगळे पाय झुलत होते. पालकही घड्याळ बघत होते.

आमच्या संकलकाने मला एकच विचारलं: ही दोघं रोज एकत्र असं काय करतात, जे उद्यापासून होणार नाही? उत्तर चित्रपटात आधीच होतं. दोघं दुमजली पलंगावर झोपतात, मुलगी खाली, भाऊ वर. झोपताना ती खालून दोनदा टकटक करते, तो वरून दोनदा उत्तर देतो. आम्ही ते गंमत म्हणून घातलं होतं. मी निरोपाचं सगळं दृश्य काढून टाकलं. त्या जागी रात्र ठेवली. मुलगी खालून टकटक करते. उत्तर नाही. ती थोडा वेळ पडून राहते. मग उठते, शिडीवरून वर जाते, वरून दोनदा टकटक करते, पुन्हा खाली येऊन पांघरुणात शिरते. संगीत नाही, अश्रू नाहीत.

पुढच्या वेळी ते दाखवलं तेव्हा मुलं आधी हसली, कारण ती स्वतःच स्वतःला उत्तर देते. मग पाय थांबले. एक मुलगा आईला अगदी हळू म्हणाला, “ती दोघांचं करतेय.” त्याच्या आईला बोलता येत नव्हतं.

तेव्हापासून मी कुठल्याही दुःखाच्या दृश्याला तोच प्रश्न विचारते. अश्रू काढले की बघणाऱ्याचं काम पडद्यावरचं पात्रच करून टाकतं, आपल्यासाठी काही उरत नाही.

मरणाबद्दल. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर थांबतं, आणि हे सगळ्यांच्या वाट्याला येतं, ही समज मुलांना साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान येऊ लागते. तुमची मुलगी त्या उंबरठ्यावर किंवा नुकतीच पलीकडे आहे. त्यामुळे एलीचं जाणं तिला कळलं नाही असं समजू नका. तिला ते सोसवलं, कारण ते हळुवारपणे आणि ओळीने आलं. लहान मूल मरणाच्या दृश्यात ‘कोण मेलं’ याहून ‘आता याच्याजवळ कोण’ हे जास्त शोधतं. जुने कलावंत हे ओळखून होते. ‘बांबी’त (१९४२) आई पडद्याबाहेर जाते, फक्त बंदुकीचा आवाज येतो, पण बर्फात हाका मारणारं पाडस फार वेळ एकटं राहत नाही, बाप समोर येऊन उभा राहतो. ‘अप’मध्येही एकट्या पडलेल्या कार्लच्या दारावर थोड्याच वेळात रसेल येऊन थडकतो. जे चित्रपट ही सोबत द्यायला विसरतात, किंवा नुसत्या धक्क्यासाठी मरण वापरतात, ते मी लहानांना दाखवत नाही.

आणि म्हणून एक कळकळीची विनंती: मूल रडायला लागलं की चित्रपट मध्येच बंद करू नका. तुमच्या मुलीला जिथे रडू फुटलं तिथे तुम्ही तो बंद केला असतात, तर तिच्यापुरता कार्ल कायमचा शब्द मोडून गेलेला माणूस राहिला असता. अवघड जागेनंतरची वाट चित्रपटाने बांधलेली असते, ती तिला चालू द्या. रडताना लगेच ‘हे खोटं असतं गं’ असंही म्हणू नका, आणि हसवूही नका. ‘इनसाइड आउट’मधल्या ‘दुःख’सारखं शेजारी बसा, बस. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर तेही लपवू नका. मुलं अवघड जागी पडद्यावरची नजर काढून आईबाबांच्या चेहऱ्याकडे बघतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. तिथे त्यांना एवढंच तपासायचं असतं की हे वाटणं चालतं ना.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. ‘नाही, आजोबा खोटं बोलले नाहीत’ असं तिला सांगून टाकू नका. ते तिला तुमच्या तोंडून पटणार नाही, आणि पटायची गरजही नाही, कारण चित्रपटात ते ठेवलेलं आहे. तिच्याबरोबर पुन्हा तो भाग लावा जिथे कार्ल धबधब्याजवळ पोचल्यावर घरात एकटे बसून एलीची वही उघडतात. ‘मी पुढे काय काय करणार’ असं लिहिलेल्या पानानंतर वही कोरी असेल असं त्यांना आयुष्यभर वाटत होतं. ते पान उलटतात. तिथे लग्नाचा फोटो आहे, सहलींचे आहेत, दोघं खुर्च्यांवर बसलेले आहेत. एलीने आपलं साहस म्हणून त्या दोघांचा संसार चिकटवून ठेवला आहे, आणि शेवटी कार्लचे आभार मानून लिहिलं आहे की आता नवं साहस कर. तिथे चित्र थांबवा आणि फोटोंवर बोट ठेवून हे कधीचं, हे कुठलं, असं तिलाच सांगू द्या. ती सगळे ओळखेल. ती चार-साडेचार मिनिटं तिने शांतपणे पाहिली होती ना.

मग पुढचं बघा. कार्ल घर हलकं करण्यासाठी सामान बाहेर फेकतात, आणि त्या दोन खुर्च्या कड्यावर शेजारी शेजारी उरतात. दुसरी शपथ पाळायला ते निघतात. नंतर घरही हातातून सुटतं, ढगांत दिसेनासं होतं, आणि कार्ल ते जाऊ देतात.

पण ते घर शेवटी कुठे उतरलं, ते तिला विचारा. शेवटची चौकट तिला आठवत नसेल तर पुन्हा दाखवा. घर धबधब्याच्या अगदी काठावर उभं आहे, लहानग्या एलीने चित्र काढलं होतं तिथेच. कार्लना ते माहीत नाही. ते फक्त तिला आणि तुम्हाला दिसतं.